खैरुनबीची जीभ

साबण जिभेवर ठेवून पाहणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आणि तीही लग्न होऊन आर्णीत आले त्याच आठवड्यात, त्यामुळे या गावातल्या बायका साबण खातात की काय अशी मला धास्तीच बसली. ते साल छप्पन. आमचा सगळा मुलूख मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात नेऊन ठेवला होता आणि ओट्याओट्यांवर पुरुष मंडळी त्यावर तावातावाने बोलत. मला वणीहून आर्णीला आणून ठेवलं होतं, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

आमच्या घरामागे बाभळींची रांग होती आणि तिच्यापलीकडे उघडी पडीत जागा. तिथे तीन दगडांवर मोठी लोखंडी कढई चढवलेली. कढईत पिवळसर, घट्ट, बुडबुडे सोडणारं काहीतरी शिजत होतं आणि एक उंच, हाडकुळी बाई लाकडाच्या लांब दांड्याने ते ढवळत होती. मध्येच तिने दांड्याच्या टोकावरचं थोडंसं बोटावर घेतलं, फुंकर मारली आणि जिभेच्या शेंड्याला लावलं. डोळे मिटून जरा थांबली, बाजूला थुंकली, लोट्यातल्या पाण्याने चूळ भरली आणि स्वतःशीच म्हणाली, "चावते अजून."

मग मी दिसले. "सदाशिवरावची सून का व तू? वणीची? ये, बस. पण पदर सांभाळ. उडालं त हात जयन."

ही खैरुनबी, मोहिउद्दीन पिंजाऱ्याची बायको, भिंतीला भिंत लागून आमची शेजारीण. मी तिला चाची म्हणू लागले. चाची माझ्या सासूच्या, लीलाबाईंच्या वयाची. दोघींचं सूत चांगलं होतं, म्हणजे दोघी दिवसातून एकदा तरी भांडत.

मोहिउद्दीनभाई कापूस पिंजायचे. सकाळी पिंजणीची आतड्याची ताणलेली तात वाजू लागली की आमच्या घरातल्या फळीवरचे पेले किणकिणत. चांगला माणूस, पण अबोल. घरातलं बोलायचं सगळं काम त्यांनी बायकोकडे सोपवलेलं होतं. लोक जुन्या गाद्या, रजया घेऊन येत. वर्षानुवर्षं अंगाखाली दडपलेला कापूस काढून, पिंजून, फुलवून परत भरायचा. आता जुनी गादी म्हणजे काय असतं ते सांगायला नको. लेकरांनी ओल्या केलेल्या, आजाऱ्यांनी घामेजलेल्या, डोक्याच्या जागी तेलाने काळ्या पडलेल्या त्या खोळी. दुसरे पिंजारी खोळ झटकायचे आणि भरायचे. खैरुनबीच्या घरात ते चालत नसे. खोळ आधी धुतली जायची, वाळायची, उसवलेली शिवली जायची, मग त्यात कापूस. एकदा एका बड्या घरचा माणूस म्हणाला, घाई आहे, तशीच भरून द्या. हिने पिंजलेला कापूस एका गाठोड्यात बांधला, मळकी खोळ दुसऱ्या गाठोड्यात, आणि दोन्ही त्याच्या हाती देऊन म्हणाली, "या दोघायचं लगन तुमच्या घरी लावून घ्या. माह्या घरी नाई लागत."

मला ती आवडली ती तेव्हापासून. माझ्या माहेरी कोळशाच्या धुरळ्यात वाळत घातलेलं धोतर काढेपर्यंत करडं होई, त्यामुळे स्वच्छ कापडासाठी हट्ट धरणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे.

एवढ्या खोळी धुवायच्या तर साबणही तेवढा हवा. दुकानातला साबण परवडणाऱ्यातला नव्हता आणि परवडला असता तरी हिने घेतला नसता. ती स्वतः करायची. गावात शेतकऱ्याच्या प्रत्येक घरी कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून आणत, वर्षभर त्याच चुलीत जळत. त्या पऱ्हाटीची राख हा तिच्या साबणाचा जीव. तळाला भोक पाडलेल्या मडक्यात आधी गवत, मग राख ठासून भरायची, वरून पाणी सोडायचं. खालच्या भांड्यात चहाच्या रंगाचं खारं पाणी थेंब थेंब जमायचं. त्यात चुना घालून ते उकळलं, निवळलं की असं तेज व्हायचं की कोंबडीचं पीस त्यात धरलं तर विरघळून जाई. मग तेल. तेल्याच्या घाण्याखालचा गाळ ती मागून आणायची आणि तांड्यावरची कोकिळा तिला मोहाच्या बियांचं तेल आणून द्यायची. थंडीत ते तेल तुपासारखं थिजे. कोकिळा पायलीभर आरशांची घागरी-काचोळी घालून यायची आणि त्या कढईपासून दहा हात लांब उभी राहायची, कारण आरसे तापतात म्हणे. खैरुनबी तिला म्हणे, "तेल त आनते, अन साबनाले भेते." दोघी हसत.

तेल आणि खारं पाणी तासन् तास शिजायचं. मग मूठ मूठ मीठ टाकलं की साबण दह्यासारखा फुटून वर तरंगे. तो काढून लाकडी खोक्यात ओतायचा, गार झाला की पिंजणीच्या तुटक्या तातीने कापायचा. साबण कापायला तातीसारखं दुसरं काही नाही, सुरीने कडा तुटतात. मी एकदा विचारलं की हे सगळं घरच्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, गंजात नाही का करता यायचं, तेवढंच हलकं. चाची म्हणाली, "करून पा. सकायी गंजाची चायनी झालेली दिसन." खारं पाणी त्या धातूला खाऊन चाळणी करतं. हे सगळं बाभळीपलीकडेच व्हायचं आणि दिवसाउजेडीच, सकाळी वारा पडलेला असताना. घरात पिंजलेला कापूस हवेत उडत असे. एक ठिणगी गेली असती तर आमचंही घर राहिलं नसतं.

तर राख. आठवडी बाजाराच्या आदल्या सकाळी आमच्या आळीतल्या बायका टोपल्यांतून राख घेऊन तिच्या दारी जात. ती राख चिमटीत घेऊन चोळायची, वास घ्यायची. गोवऱ्यांची राख मिसळलेली असली तर टोपली बाजूला ठेवायची. "हे भांडे घासाले ठेव. साबनाले पऱ्हाटीचीच पायजे." आणि साबण झाला की राख दिलेल्या घरी वड्या जायच्या. विकणं नाही, मोजणं नाही. ज्या घरात लहान लेकरू असेल तिथे एखादी वडी जास्त. आळीतल्या एकाही घरात तेव्हा विकतचा साबण येत नव्हता, आणि याचं आम्हाला काही कौतुक नव्हतं. आमच्या राखेचा साबण आमच्याकडे येतो, त्यात काय, असंच सगळ्यांना वाटे.

आणि हे सगळं अवलंबून होतं तिच्या जिभेवर. खारं पाणी जास्त राहिलं तर साबण कातडी सोलतो, तेल जास्त राहिलं तर कपड्याला चिकटतो. दोन्हींच्या मधली जागा डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही, जिभेला कळते. कच्चा साबण जिभेला चावतो. पक्का झाला की चावत नाही, मग ती म्हणे, "निवली." तिच्या सासूने तिला असंच शिकवलं होतं. तिच्या तोंडून 'निवली' ऐकल्याशिवाय कढई उतरत नसे.

आता तिचा एकच शौक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. पान. पितळी पानदान तिच्या उशाशी असे. उठल्यावर पान, जेवल्यावर पान, कढई ढवळताना पान, भांडताना तर पान हवंच. ओठ कायम लाल. लग्नात माहेराहून आणलेल्या सगळ्या वस्तू तिने कधी ना कधी लेकीसाठी बाजूला काढल्या होत्या, पानदान सोडून. अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात तिची दाढ दुखू लागली. तिने वैद्याकडे जायचं सोडून पानातला चुना वाढवला, त्यावर तंबाखू, आणि दिवसभर गाल फुगवून बसू लागली. दाढ बधिर झाली. तिला वाटलं, बरं झालं.

एकोणसाठच्या फाल्गुनात ती वडी आमच्या घरी आली. दिसायला नेहमीसारखीच. माझा मोठा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा होता. सासूबाईंनी त्या साबणाने मामंजींची धोतरं धुतली आणि मी लेकराचे लंगोट. दोन दिवसांत सासूबाईंच्या बोटांच्या बेचक्यांत कातडं सोललं. धोतर पिळताना फाटलं. आणि लेकराच्या मांड्या अशा लाल झाल्या की हात लावला की किंचाळायचं. मी रात्रंदिवस त्याला खोबरेल लावत बसले होते. मला असा राग आला होता की चाची समोर आली असती तर काय बोलले असते देव जाणे. तो राग खोटा होता असं मला आजही वाटत नाही.

ती आली. गुलनार, तिची पंधरा वर्षांची लेक, विहिरीवरून ऐकून गेली होती. चाची अंगणात उभी राहिली, लेकराकडे पाहिलं, सासूबाईंच्या हातांकडे पाहिलं. सासूबाई शिळेवर उरलेली वडी आपटून म्हणाल्या, "हे काय देल्लं व खैरुन तू? माह्या नातवाले सोलाले देल्लं का?"

चाचीने वडी उचलली, कोपऱ्यावरून बोट ओलं करून फिरवलं आणि जिभेला लावलं. जरा थांबली. पुन्हा लावलं. "लीलाबाई, मले त काईच चावत नाई."

मी वडी तिच्या हातून ओढली आणि स्वतः जीभ लावली. विंचू डसावा तसा चटका बसला. डोळ्यांतून पाणी आलं. मी चूळ भरायला धावले. परत येते तर चाची तशीच उभी होती, वडी हातात आणि चेहरा असा पांढरा पडलेला की ओठांची लाली तेवढी उरली होती. तिच्या गालात तेव्हाही पान होतं. ते तिने हळूच पदराआड काढून टाकलं. काय झालंय ते तिला त्या क्षणी कळलं होतं. आम्हाला कळायला वेळ लागला.

"जीभ मेली माही," ती म्हणाली. "चुन्यानं मेली." एवढंच. माफी मागितली नाही, रडली नाही. वडी घेऊन निघून गेली. मग घरोघरी जाऊन त्या कढईच्या सगळ्या वड्या परत गोळा करून आणल्या. दारात उभी राहून सांगायची, "थो साबन कच्चा हाय, वापस द्या." आपली चूक अशी दारोदार जाऊन सांगणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पण सासूबाईंनी ठरवून टाकलं. या घरची राख आता तिकडे जाणार नाही. आळीत आमचं घर शब्दाला वजन असलेलं, त्यात लेकराच्या मांड्या सगळ्यांनी पाहिलेल्या. एकेक करून सगळ्या घरांची राख थांबली. राख थांबली म्हणजे साबण थांबला, आणि साबण थांबला म्हणजे मोहिउद्दीनभाईंच्या घरी खोळी साचू लागल्या. पुढे लग्नसराई. तिच्या सगळ्या हिमतीचं, सगळ्या मानाचं घर त्या टोपल्यांवर उभं होतं आणि बाजाराच्या आदल्या सकाळी तिचं दार रिकामं राहू लागलं. सासूबाईंनी दुकानातून साबणाची लादी आणवली. चांगली होती. चाचीने कुंपणावरून मागून घेतली, हुंगली, परत दिली. "चांगली हाय. पण इले कोनं चाखलं असन व?"

मग रमजान लागला. रोज्याच्या दिवसांत चाची दिवसा पान खात नसेच. पण दरवर्षी संध्याकाळी रोजा सुटला की खजुराआधी तिचा हात पानदानाकडे जायचा, असं गुलनारच सांगायची आणि हसायची. यंदा गुलनार विहिरीवर आली ती वेगळंच सांगत. "अम्मीनं पान सोडलं, भाभी. रातचंही. पानदान अब्बाजवळ देल्लं अन सांगतलं, म्या मांगतलं तरी देऊ नका. डोकं धरून बसते. काल माह्यावर खेकसली, मंग अब्बावर, मंग बकरीवर."

तीस वर्षांची सवय. कोणाला सांगून कळायचं नाही. माझ्या सासऱ्यांनी एकदा तंबाखू सोडली होती, चौथ्या दिवशी त्यांनी बैल विकायला काढले होते. चाचीच्या अंगाला कापरं सुटे, हात थरथरत. भिंतीपलीकडून तिचं खेकसणं ऐकू येई आणि मोहिउद्दीनभाईंची पिंजण तेवढीच जोरात वाजे. आणि या सगळ्यात एक गंमत बघा. जिभेवर चुना नव्हता, तेव्हा जीभ हळूहळू परत येत असणार. पण ती आली की नाही हे पाहायचं कसं? रोज्यात तोंडात काही घालायचं नाही, साबणसुद्धा नाही. रोजा सुटल्यावर अंधार; खरी पारख शिजत्या कढईवरच व्हायची, आणि अंधारात बाभळीपलीकडे विस्तव पेटवायचा नाही, हा तिचाच नियम. महिनाभर ती आपली जीभ तोंडात बाळगून होती आणि ती जिवंत आहे की मेली हे तिला ठाऊक नव्हतं. त्या महिन्यात माझा राग कधी गेला मला कळलं नाही. मी मनातल्या मनात तिच्यासाठी मागू लागले होते.

ईद आली. त्यांच्याकडून दरवर्षीप्रमाणे ताट आलं, शेवया, साखर, खारीक, सगळं कोरडं. कोरडंच येत असे. शिजवलेलं आमच्यात चालत नव्हतं, पाणीही नाही. हे कोणी कोणाला बोलून दाखवत नसे, दोन्ही घरांना पाठ होतं. चाची अंगणात बसली, कधी नव्हे ती चहा नको म्हणाली नाही. एरवी टाळायची, कारण आम्ही तिला वेगळा ठेवलेला कप द्यायचो आणि तो तिला स्वतःच विसळून पालथा घालावा लागे. हे लिहिताना मला आता लाज वाटते, पण तेव्हा सगळीकडे तसंच होतं. त्या दिवशी गावातल्या सगळ्या मुसलमान घरांत तोंडं पानाने रंगलेली होती. हिचे ओठ फिकट होते. मला तिचे खरे ओठ पहिल्यांदा दिसले.

ती सासूबाईंना म्हणाली, "लीलाबाई, घरच्या चुलीची राख जमवली हाय. एका कढईपुरती हाय. परवा सकायी टाकून राह्यली. तुमी याल का?"

"म्या कायले येऊ?"

"जीभ आर्धी आली वाटते माही. आर्धी नाई आली. घरच्यायची नाई चालत, माह्या भेवानं थे गोड म्हनतीन. तुमाले माह्या साबनाचा राग हाय. तुमची जीभ पायजे."

सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. चाचीने कप विसळला, पालथा घातला आणि गेली.

परवाच्या सकाळी कढई चढली. मी लेकराला कडेवर घेऊन बाभळीपाशी उभी होते. आळीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून आल्या होत्या, कोणी काटक्या वेचायला, कोणी बकरी शोधायला. गुलनारने घरून पाण्याची घागर आणि लोटा आणून ठेवला होता. ऊन चढत गेलं. चाची ढवळत होती. तिने एकदा चाखलं, "चावते." दुसऱ्यांदा, "चावते." म्हणजे जीभ आली होती. मला हुश्श झालं. तिसऱ्यांदा तिने बराच वेळ डोळे मिटून ठेवले. मग म्हणाली, "निवली वाटते." पण कढई उतरवायला हात पुढे केला नाही. तशीच बाभळीकडे पाहत राहिली.

सासूबाई माझ्या मागून आल्या. केव्हा आल्या मला माहीत नाही. पदर खोचला, कढईपाशी गेल्या, दांड्यावरचं बोटावर घेतलं, फुंकलं. माझ्या सासूबाई. एकादशीला मिठाचा खडा चुकून भाजीत पडला तर ती भाजी न खाणाऱ्या. त्यांनी ते जिभेला लावलं.

त्यांचा चेहरा आंबट झाला. "चावते," त्या म्हणाल्या. "लय नाई. पण चावते, खैरुन."

आता सगळ्या बायका चाचीकडे पाहू लागल्या. तिची जीभ म्हणत होती निवली. सासूबाईंची म्हणत होती चावते. तीस वर्षं या कढईवर तिचा शब्द शेवटचा होता. तिने लीलाबाईंकडे एकदा पाहिलं, आणि खाली बसून चुलीत दोन पऱ्हाट्या सारल्या. वाटीभर तेल ओतलं आणि पुन्हा ढवळू लागली. माझ्या मते तिने आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम ते होतं, पान सोडण्याहून अवघड.

सासूबाई गेल्या नाहीत. दगडावर बसल्या. घरी मामंजी जेवायचे खोळंबले होते, मी तसं सुचवलं तर म्हणाल्या, "थांबू दे." ऊन डोक्यावर आलं. आणखी दोनदा त्यांनी चाखलं. जीभ पोळत होती, हे दिसत होतं, पण कबूल करतील तर त्या लीलाबाई कसल्या. पुन्हा एकदा लावलं, आणि यावेळी डोळे मिटले, अगदी चाचीसारखे.

"निवली," सासूबाई म्हणाल्या.

मग त्या थुंकल्या आणि तोंडाला हात लावून इकडेतिकडे पाहू लागल्या. जीभ भाजलेली, घसा कोरडा, आणि पाणी म्हणजे खैरुनबीच्या घरची ती एक घागर. चाचीने सवयीने लोटा बुडवून भरला, पुढे केला, आणि तिच्या लक्षात आलं. हात तिथेच थांबला. तिने मान फिरवून गुलनारला हाक मारली, "जाय, लीलाबाईच्या घरून पानी आन."

"थांब व," सासूबाई म्हणाल्या, आणि लोटा तिच्या हातून घेतला.

पहिल्या घोटाने त्यांनी चूळ भरली. उरलेलं पाणी त्या तिथेच, सगळ्यांसमोर, घटाघटा प्यायल्या. मग लोटा पुन्हा तिच्यापुढे धरला. "अजून दे. जीभ जाळली तुह्या साबनानं माही." चाचीने लोटा भरला. मला रडू फुटलं, लेकरू माझ्याकडे पाहू लागलं.

दुसरा लोटा रिकामा करून सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि उठल्या. "उद्या बाजार हाय ना?" त्यांनी विचारलं. "मंग घरी जाऊन आजच राख पाठवतो. पऱ्हाटीचीच हाय, गोवरी नाई मिसयली."